पुसलेली पाटी आणि राहिलेलीं अक्षरें

जुन्या पंतोजींच्या शाळेंत मूल प्रथम बसे तें धुळीपुढें. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची, बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावयाचें, पंतोजींनीं पाहिलें कीं तळहातानें सारखें करून दुसरें काढावयाचें. गणिती लोकांचेंही साधन हेंच. आंकडेमोडीला आपल्याकडे धूलिकर्म आणि पाटीगणित हीं नांवें पडलीं तीं यावरूनच. तेथें पुसणें ही चूक सुधारण्याची क्रिया नसून हिशेबाचीच एक पायरी होती. गुणाकार करतां करतां मधले आंकडे पुसून त्यांच्या जागीं नवे मांडावे लागत. ही हिंदी अंकपद्धति शिकलेल्या अल्-उक्लीदिसी नांवाच्या गणितज्ञानें इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कस येथें एक ग्रंथ लिहिला. त्यांत धुळीची पाटी टाकून कागद आणि शाई घ्यावी, असा त्याचा आग्रह आहे. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे पोटभरू लोक ही पाटी बाळगतात, म्हणून सभ्य माणसाला ती चारचौघांत हातीं धरण्याचा संकोच वाटतो, हें त्यानें दिलेलें एक कारण मोठें मौजेचें आहे. गणितज्ञही लोकलज्जेला भितात.

धुळींतून पुसलेलें अक्षर मात्र कायमचें जातें. विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघर व कचेऱ्यांतून जी नवी पाटी आली, ती पुसण्याच्या क्रियेला लोक ‘फॉरमॅट मारणें’ म्हणूं लागले. हा शब्द ऐकतांच मनांत येतें तें चित्र धूळपाटीचेंच. एक तळहात फिरला आणि सारें कोरें झालें! परंतु जुन्या संगणकांवर तसें होत नसे. पुसलें जात असे तें कांहीं निराळेंच, आणि तें निराळें काय होतें हें न कळल्यामुळें कित्येकांचे कागद उगाच बुडाले, तर कित्येकांचीं गुपितें उगाच उघडीं राहिलीं.

मैंदर्गी हें सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यांतील लहानसें शहर. कर्नाटकाची हद्द येथून जवळ. नगरपरिषदेचा कारभार मराठींत, आणि घरांत व बाजारांत कानडीही मोकळेपणानें बोलली जाणारी. अशा शहरांत संगणक शिरतो तो बहुधा टंकलेखनाच्या दुकानांत, पतसंस्थेच्या कचेरींत किंवा शाळेच्या कार्यालयांत. त्याच्या पोटांत काय जातें? लग्नपत्रिका, भाडेपट्टा, अर्जाचा मसुदा, ठेवीदारांची यादी, मुलांचे गुण. एखाद्या संग्रहालयानें जपावें असें त्यांत कांहीं नसतें; पण ज्याचें असतें त्याच्या दृष्टीनें त्याहून मोलाचा कागद दुसरा नसतो. विंडोज ९५ आणि विंडोज ९८ यांच्या काळांत असें यंत्र अडखळूं लागलें कीं दुरुस्तीला येणारा मनुष्य पांच मिनिटें पडद्याकडे पाहून निर्णय देई, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ वैद्यानें नाडी सोडून दिल्यासारखेंच तें वाक्य असे. मालक विचारी, ‘आंतलें सगळें जाईल का?’ उत्तर ठरलेलें, ‘सगळें जाईल.’ हें उत्तर कितपत खरें होतें?

हार्ड डिस्क म्हणजे लोहचुंबकी लेप दिलेली, सतत फिरणारी तबकडी. असें पहिलें यंत्र आय.बी.एम. कंपनीनें १९५६ सालीं बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या, आणि एवढा संभार सुमारें ५० लक्ष अक्षरें सांठवी. नव्या तबकडीवर प्रथम वर्तुळाकार मार्ग आणि त्या मार्गांचे लहान लहान तुकडे आंखून घ्यावे लागतात. शेताच्या मोजणींत हद्दीचे दगड रोवतात, त्यांतलाच हा प्रकार. सुरुवातीच्या घरगुती संगणकांत ही मोजणी वापरणाऱ्यासही करतां येई. पुढें ती कारखान्यांतच पुरी होऊन येऊं लागली. मोजणीनंतर वाटणी, म्हणजे एका डिस्कचे एक किंवा अधिक भाग पाडणें. आणि वाटणीनंतर प्रत्येक भागाची नवी कोरी खातेवही उघडणें. लोक ज्याला फॉरमॅट म्हणतात तें हें शेवटचें काम. जमिनीची नांगरट त्यांत होत नाहीं, पालटते ती फक्त वही.

ही खातेवही कशी असते, हें समजण्यास पुण्याच्या पेशवे दफ्तराचें उदाहरण उत्तम. तेथील मोडी कागद रुमालांत बांधून ठेविलेले आहेत. कोणता कागद कोणत्या रुमालांत, हें सांगणारी यादी नसेल तर कागद जागच्या जागीं असूनही संशोधकाला तो नसल्यासारखाच. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवघ्या चार वर्षांत त्या दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले, तेव्हां त्यांच्या मंडळींचे पुष्कळसे श्रम हा शोध घेण्यांतच गेले असले पाहिजेत. संगणकाच्या डिस्कवरही रुमाल असतात. एकेका रुमालांत कांहीं हजार अक्षरें मावतात. लांबलचक मजकूर अनेक रुमालांत विभागला जातो, आणि हे रुमाल एकमेकांशेजारीं असतीलच असें नाहीं. म्हणून डिस्कच्या आरंभीं दोन गोष्टी ठेविलेल्या असतात. एक नांवांची यादी: अमुक फाइल अमुक क्रमांकाच्या रुमालापासून सुरू होते. दुसरें एक कोष्टक: या रुमालानंतर कोणता, त्यानंतर कोणता. हें कोष्टक १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमधील मार्क मॅकडॉनल्ड यांनीं प्रथम रचलें. १९८० सालीं टिम पॅटर्सन यांनीं तीच कल्पना आपल्या नव्या कार्यप्रणालींत घेतली, आणि तिच्यापासून पुढें एम.एस.-डॉस जन्मास आली. १९८३ सालीं १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला आय.बी.एम.चा संगणक डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीसह निघाला, तेव्हांपासून हें कोष्टक जगाच्या बहुतेक कचेऱ्यांत जाऊन बसलें. तें इतकें महत्त्वाचें मानलेलें होतें कीं त्याच्या दोन प्रती लागोपाठ ठेवीत. या दुसऱ्या प्रतीचा उपयोग पुढें एका भलत्याच प्रसंगीं झाला. तो यथाक्रम येईलच.

डॉसवर एखादी फाइल पुसली म्हणजे काय होई? तिच्या मजकुराला कोणी हात लावीत नसे. नांवाच्या यादींत तिच्या नांवाचें फक्त पहिलें अक्षर खोडून तेथें एक ठराविक खूण घातली जाई, आणि कोष्टकांत तिचे रुमाल ‘रिकामे’ म्हणून मांडले जात. त्या काळीं फाइलच्या नांवाला आठच अक्षरांची मुभा होती. रोमन लिपींत मैंदर्गीचीं अक्षरें नऊ होतात. म्हणजे त्या गांवाच्या नांवानें कोणी फाइल केली तर शेवटचा इकार जन्मतःच गळावयाचा, आणि पुसतांच आरंभींचा मकारही जावयाचा. उरलेलीं सात अक्षरें आणि सबंध मजकूर डिस्कवर जसाच्या तसा! पीटर नॉर्टन यांनीं १९८२ सालीं हें मर्म ओळखून पुसलेली फाइल परत आणणारी उपकरणिका विकावयास काढली, आणि तिच्यावर मोठें नांव व पैसा मिळविला. असलीं साधनें वापरणाऱ्याला विचारीत, ‘या नांवाचें पहिलें अक्षर काय होतें?’ यंत्र विसरलेलें असे तें एवढेंच. तेवढें माणसानें सांगितलें कीं काम झालें, अर्थात् मध्यंतरीं त्या रिकाम्या ठरलेल्या रुमालांत दुसरें कांहीं भरलें गेलें नसेल तर.

फॉरमॅट ही याच क्रियेची थोरली बहीण. हार्ड डिस्कला ही आज्ञा दिली कीं डॉस प्रथम धोक्याची सूचना देई आणि ‘होय किंवा नाहीं’ असें उत्तर मागे. मग बराच वेळ आंकडे सरकत, शेंकडा दहा, शेंकडा वीस. पाहणाऱ्यास वाटे कीं इंच इंच पुसलें जात आहे. वस्तुतः त्या वेळांत यंत्र तबकडी वाचून पाहत असे. कोठें खराब जागा आहे काय, याची ती तपासणी. लिहिणें होई तें शेवटीं आणि थोडेंच: मुख्य यादी कोरी, कोष्टक कोरें. बाकीचे रुमाल बांधलेलेच राहत. १९९१ च्या डॉसच्या पांचव्या आवृत्तींत तर फॉरमॅट उलटविणारी आज्ञाच देण्यांत आली. जुन्या यादीची नक्कल डिस्कवर सांपडली तर बहुतेक सारें परत येई. नक्कल नसली तरी आंतल्या कप्प्यांच्या याद्या कोऱ्या झालेल्या नसत, त्या शोधून काढून यंत्र त्यांना स्वतःच क्रमांकवार नांवें देई. तुकड्यातुकड्यांनीं पसरलेल्या फाइली मात्र अर्धवट हातीं लागत. कारण पुढचा रुमाल कोणता, हें सांगणारें कोष्टक खरोखरच गेलेलें असे.

विंडोज ९८ च्या यंत्रावर हा विधि पुढीलप्रमाणें चाले. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवरून यंत्र सुरू करावयाचें; आवश्यक तर वाटणी मोडून नवी करावयाची; यंत्र पुनः सुरू करून सी भागाला फॉरमॅट द्यावयाचा; मग सीडीवरून विंडोज चढवावयाचें. पुढें छपाईयंत्र, ध्वनि, पडदा यांच्या सहायक फाइली एकेक करून घालण्यांत अर्धा दिवस जाई. या सर्वांत खरा घात फॉरमॅटनें होत नसे. नवीन विंडोज शेंकडों मेगाबाइट जागा व्यापी, आणि ती जागा ‘रिकाम्या’ म्हणून मांडलेल्या जुन्या रुमालांचीच असे. पतसंस्थेची यादी पुसली जाई ती या क्षणीं, सारें सुरळीत चालल्याच्या समाधानांत. त्या दुरुस्तीवाल्याचें ‘सगळें जाईल’ हें भाकीत अशा रीतीनें त्याच्याच हातून अर्धेंमुर्धें खरें होई.

एवढा खटाटोप करण्याचें कारण पुष्कळदां व्हायरस असे. पुण्यांत कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या धंद्यांतून वर आलेल्या काटकर बंधूंनीं १९९५ च्या सुमारास डॉससाठीं क्विक हील हें औषध काढलें, तें दुरुस्तीला येणारीं यंत्रें या रोगानें पछाडलेलीं पाहूनच. सर्वांत दारुण आघात झाला २६ एप्रिल १९९९ रोजीं. तैवानमधील एका विद्यार्थ्यानें रचलेला सी.आय.एच. नांवाचा व्हायरस त्या दिवशीं जागा झाला आणि त्यानें डिस्कचा सुरुवातीचा सुमारें एक मेगाबाइट भाग शून्यांनीं भरून टाकला. वाटणीची नोंद, यादी, कोष्टक हीं सारीं तेथेंच असतात. जुन्या पद्धतीच्या लहान डिस्कांवर कोष्टकाच्या दोन्ही प्रती त्या एका मेगाबाइटाच्या आंतच बसत. त्या दोन्ही बुडाल्या. १९९६ नंतरच्या नव्या पद्धतीच्या मोठ्या डिस्कांवर कोष्टकच इतकें लांब असे कीं त्याची दुसरी प्रत व्हायरसच्या माऱ्यापलीकडे पडे. ज्यांनीं घाईनें फॉरमॅट न मारतां जाणत्याची वाट पाहिली, त्यांपैकीं पुष्कळांचीं यंत्रें त्या दुसऱ्या प्रतीवरून उभीं राहिलीं. ज्यांनीं फॉरमॅट मारला, त्यांनीं ती प्रत स्वहस्तें कोरी केली.

येथपर्यंतची हकीगत न्यूयॉर्कच्या कचेरीला लागू तशीच मैंदर्गीच्या दुकानालाही. पण मराठी मजकुराला यापुढें आणखी एक संकट होतें, आणि त्याचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत क्वचितच येतो.

संगणक अक्षरें जाणत नाहीं, क्रमांक जाणतो. कोणत्या क्रमांकाला कोणतें अक्षर म्हणावयाचें, हीही एक यादीच. रोमन लिपीसाठीं ती यादी जगभर एक होती. भारतीय लिपींसाठीं कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत सुरू झालेलें काम १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेलें. तेथील जिस्ट कार्ड संगणकांत खोंचलें कीं डॉसचे इंग्रजी कार्यक्रम मराठी दाखवूं लागत. त्यामागें इस्की नांवाची सामायिक यादी होती. १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून ती मान्य झाली. तिची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. नागरी, कानडी, तेलुगु, बंगाली या सर्व लिपी एकाच ब्राह्मीच्या लेकी असल्यामुळें ‘क’ चा क्रमांक सर्वांत एकच. लिपी बदलण्याची खूण दिली कीं तोच मजकूर पडद्यावर कानडींत उभा राही. सीमेवरच्या गांवाला याहून सोयीची व्यवस्था दुसरी कोणती? ‘मैंदर्गी’ हें नांव तींत बरोबर आठ क्रमांकांत बसतें: म, दोन मात्रा, अनुस्वार, द, र, हलन्त, ग आणि दीर्घ वेलांटी. नागरींत दाखवा कीं कानडींत, आठांचे आठ तेच. एवढेंच कीं कानडींत असल्या नांवांचा शेवट बहुधा ऱ्हस्व इकारानें करतात, आणि तेथें यंत्राची मराठी खोड उघडी पडते.

विंडोज आल्यावर मात्र बहुतेक छपाईवाल्यांनीं आणि टंकलेखकांनीं हा मार्ग सोडला. श्रीलिपी, आकृति, सी-डॅकचे स्वतःचे फाँट, असे अनेक संच बाजारांत आले. प्रत्येकाची अक्षरांची यादी निराळी. संगणकाच्या लेखीं तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी. अंगावर मराठी फाँटचा झगा घातला कीं ती मराठी दिसे. झगा हार्ड डिस्कवर असे. फॉरमॅटबरोबर तो गेला, मग मजकूर फ्लॉपीवर नीट जपून ठेविलेला असला तरी उघडल्यावर पडद्यावर यावयाची ती प्रश्नचिन्हें, कंस आणि इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. कांहीं संचांना तर संगणकाच्या पाठीशीं जोडावयाची एक कुलपासारखी खुंटी लागे. ती हरवली तर फाँट असून नसल्यासारखा. मालक म्हणे, ‘फाइल खराब झाली.’ खराब कांहींच झालेलें नसे. एक अक्षरही गळालेलें नसे. येथें रुमालही होता, रुमालांची यादीही होती. हरवलेलें होतें तें वाचन. मोडी न येणाऱ्यापुढें पणजोबांचें खतपत्र ठेवावें, तशी ही स्थिति. आणि मोडी वाचणारे थोडे का होईना, आहेत. एखाद्या बंद पडलेल्या फाँटची यादी जाणणारा मनुष्य कोठें शोधावा?

युनिकोडनें हा गोंधळ मिटविण्याचा मार्ग १९९१ सालींच दाखविला. त्याची नागरी यादी इस्कीच्याच पायावर उभी आहे. विंडोज २००० पासून मराठी युनिकोड यंत्राच्या अंगचाच झाला. तरीही २००१ च्या विंडोज एक्सपीमध्यें भारतीय लिपी नीट जुळविण्याची सोय एका चौकटींत खूण केल्याशिवाय चालू होत नसे, आणि त्यासाठीं मूळ सीडी पुनः मागितली जाई. फॉरमॅट मारणारा ही चौकट विसरला कीं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसे आणि जोडाक्षरें फुटून हलन्ताचे पाय उघडे पडत. वर्तमानपत्रें वाचणाऱ्या कित्येकांचें मत ‘युनिकोड मराठी असेंच असतें’ असें झालें तें याच कारणानें. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे २०१४ सालीं युनिकोडमध्यें मोडी लिपीलाही स्थान मिळालें. छापखान्यांनीं टाकलेली लिपी यादींत आली, पण १९९८ सालचे कित्येक फाँट अद्याप यादीबाहेरच.

पुसलें असें वाटून न पुसलेल्या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेंतील एम.आय.टी. येथील गारफिंकेल व शेलाट या दोघा अभ्यासकांनीं जुन्या बाजारांतून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. चालू स्थितींत निघाल्या १२९. त्यांपैकीं खरोखर निर्लेप पुसलेल्या अवघ्या १२! बाकीच्यांत लोकांचीं पत्रें, वैद्यकीय टिपणें आणि हजारों क्रेडिट कार्डांचे क्रमांक सांपडले, आणि यांतील पुष्कळ डिस्क विकण्यापूर्वीं फॉरमॅट केलेल्या होत्या. हा निबंध २००३ सालीं प्रसिद्ध झाला. २००७ च्या सुमारास आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट खरोखरच साऱ्या डिस्कवर शून्यें लिहूं लागला. आजच्या तबकडीविरहित डिस्कांना तर कार्यप्रणाली स्वतःच कळवून ठेवते कीं अमुक जागा आतां नको, आणि त्या फावल्या वेळीं ती जागा साफ करून टाकतात. धूळपाटीवरचा तळहात खऱ्या अर्थानें आला तो इतक्या उशीरां. पूर्वीं नाहीं म्हणून सांगितलेलें बहुधा असे. आतां नाहीं म्हणजे बहुधा नाहींच.

जुन्या डिस्का मात्र अजून कपाटांत आहेत. अशी एखादी हातीं आली तर प्रथम तिला लागणारी रुंद पट्टी आणि जोडणी मिळवावी लागते. तिच्यावर कांहीं न लिहितां तिची आरंभापासून शेवटापर्यंत नक्कल करून घ्यावी लागते. शोध घ्यावयाचा तो नकलेंत. कोष्टक नसल्यास रुमाल एकेक उघडून जुळवावे लागतात. मजकूर हातीं लागल्यावर तो कोणत्या फाँटचा हें ओळखावयाचें, आणि त्या फाँटच्या यादीवरून प्रत्येक चिन्हाला युनिकोडचा क्रमांक द्यावयाचा. एवढ्यानें भागत नाहीं. फाँटांत अक्षरें डोळ्यांना दिसतात त्या क्रमानें ठेवलेलीं असतात, युनिकोडांत उच्चाराच्या क्रमानें. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढून मागें न्यावी लागते, आणि रफार मागून पुढें. ‘मैंदर्गी’ लिहितांना टंकलेखकानें ‘गी’ झाल्यावर त्याच्या डोक्यावर रफार ठेविलेला असतो. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमानें तो उचलून ‘ग’ च्या आधीं आणून बसविला नाहीं, तर नांव ‘मैंदगीर्’ असें उमटतें.